मागच्या खोलीतला पसारा

हातगाडीवरून कूलर उतरला तेव्हा मी मागच्या खोलीची फरशी पुसत होते.

"गावंडेंचं घर हेच न?" हातगाडीवाल्याने फाटकातूनच विचारलं. "बडनेऱ्याहून सामान आहे."

सामान म्हणजे पत्र्याचा थोरला कूलर, त्याचा गंजलेला स्टँड आणि गोणीत कोंबलेल्या वाळ्याच्या जुन्या ताट्या. दिवाळी होऊन गेली होती. अमरावतीत त्या दिवसांत कूलर आवरून ठेवतात, कोणी कोणाच्या दारात पाठवत नाही.

"कोणी पाठवलं?"

"विलासभाऊंनी. म्हणाले, वहिनीकडे उतरवून ये, त्यांना माहीत आहे."

मला काहीच माहीत नव्हतं. पण बडनेऱ्यापासून गाडी ढकलत आलेल्या माणसाला परत कसं पाठवायचं? मी बाजूला झाले. त्याने कूलर आत नेला आणि मी नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर, बरोबर खिडकीखाली ठेवला. तिथे माझ्या आईची खाट यायची होती.

या गोष्टीला आता तीसेक वर्षं झाली. साईनगरात आमचं तीन खोल्यांचं घर होतं. मुलगी शिकायला नागपूरला, होस्टेलवर. घरात आम्ही दोघंच. माझे मिस्टर मनोहर गावंडे पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. तोवर मी त्यांना चारचौघींसारखं 'हे' म्हणत असे. इथे नावाने लिहिते आहे, कारण मनातल्या मनात मी त्यांना त्या हिवाळ्यापासून नावानेच ओळखते.

आई अचलपूरला एकटी राहायची. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मी तिची एकुलती एक. दसऱ्याच्या सुमारास ती न्हाणीत पाय घसरून पडली. मनगट मोडलं, कंबरेला मार लागला. शेजारच्या शांताबाईंनी दवाखान्यात नेलं, प्लास्टर घालून आणलं. मी धावत गेले, आठवडाभर राहिले आणि परत आले ती ठरवूनच आले. पण सांगायचं कसं? जावयाने सासूला घरी ठेवून घेणं आमच्याकडे सहज होत नाही. पानं वाढली तरी माझ्या तोंडून शब्द फुटेना.

शेवटी मनोहरच म्हणाले, "आईंचं काय ठरवलंस?"

"तुम्ही सांगाल तसं."

"सांगायचं काय त्यात? इकडेच आणायचं त्यांना. मागची खोली रिकामी करू."

मी पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेले आणि रडले. मनोहरांनी त्याच आठवड्यात एक मोठा कागद अंथरून त्या खोलीचा नकाशा काढला. खाट खिडकीखाली, उशाशी देवांसाठी फळी, न्हाणीपर्यंत भिंतीला धरून जायला लोखंडी नळी. सगळं मापात, पेन्सिलीने, त्यांच्या त्या सुरेख अक्षरांत. मी तो नकाशा आलेल्या-गेलेल्याला दाखवायची.

तीन खोल्यांपैकी मागची खोली म्हणजे आमच्या घराचं पोट. जे दिसू नये ते तिथे. गव्हाची कोठी, गाद्यांची ट्रंक, मुलीची शाळेची पुस्तकं, मनोहरांची वर्षानुवर्षांची मासिकं, फुटकी छत्री, न चालणारी इस्त्री, कधीतरी लागतील म्हणून ठेवलेले खोके आणि त्या खोक्यांत ठेवलेले आणखी खोके. दर रविवारी आम्ही दोघं कामाला लागायचो. मनोहर नाकाला रुमाल बांधायचे, वरून खोके काढून द्यायचे. रद्दीवाला येऊन जायचा. शेजारच्या काळमेघबाई कुंपणावरून म्हणायच्या, "नशीबवान आहात हो कुंदाताई. आमचे हे काडी इकडची तिकडे करत नाहीत, आणि तीही सासूसाठी?"

खोली निम्मी मोकळी झाली आणि विलासभाऊजींचा सोफा आला. विलासभाऊजी माझे धाकटे दीर. मनोहर म्हणाले, "त्याने नवा घेतलाय. जुना विकेपर्यंत ठेवा म्हणतो. धाकटा भाऊ आहे, काय बोलू?"

सोफा म्हणजे एक लांब आणि दोन खुर्च्या. मी त्या एकमेकींवर उलट्या घातल्या, भिंतीला लावल्या, उरलेल्या जागेचं माप घेतलं. खाट कशीबशी बसत होती. मग मंदाताईंचं लोखंडी कपाट आलं. मंदाताई माझ्या नणंद, राजापेठेत राहायच्या. "तिचं घर रंगवायला काढलंय," मनोहर म्हणाले, "थोडे दिवस." कपाटाला जागा करायला कोठी स्वयंपाकघरात आणावी लागली. गाद्यांची ट्रंक बाहेरच्या खोलीत, आमच्या पलंगाच्या पायथ्याशी. स्वयंपाकघरात मी आता आडवी होऊनच वावरत होते. तरी म्हटलं, असू दे. माणसं आहेत.

आणि आता हा कूलर.

मनोहर ऑफिसातून आले. सायकल लावता लावताच त्यांना खिडकीतून तो दिसला.

"आणलाच का त्याने?" त्यांनी कपाळावर हात मारला. "मी त्याला म्हटलं होतं, आत्ता नको रे. त्याच्या दुकानामागची शेड पडायला आलीय म्हणे."

"मी बोलू का भाऊजींशी? म्हणते, आई यायची आहे, उन्हाळ्यापर्यंत दुसरीकडे ठेवा."

"तू नको बोलूस." ते लगेच म्हणाले. "माझ्या तोंडून गेलं तर भाऊ म्हणून चालून जाईल. तुझ्या तोंडून गेलं तर जन्मभर लागेल. मी बघतो न."

मला ते पटलं. इतकंच नाही, मला बरं वाटलं. हा माणूस मला वाईटपणा घेऊ देत नाही, असं मनात आलं.

त्या महिन्यात मी त्या खोलीशी जी झुंज घेतली ती आठवली की आजही अंग दुखतं. सकाळी ते ऑफिसला गेले की मी पदर खोचायची. कूलर कोपऱ्यात सरकवला तर कपाटाचं दार उघडत नसे. कपाट फिरवलं तर खिडकी झाकली जाई. सोफ्याच्या खुर्च्या मी अंगणात काढल्या, त्यावर प्लॅस्टिक बांधलं, संध्याकाळी मनोहर आले आणि म्हणाले, "अगं, दुसऱ्याची वस्तू आहे, खराब झाली तर?" आणि स्वतः उचलून परत आत नेऊन ठेवल्या. मग गणपती मंडळाचं थर्मोकोलचं मखर आलं, कारण मंडळाची खोली गळत होती. मग ऑफिसातल्या कुण्या सहकाऱ्याच्या बदलीचे खोके. मी एका बाजूने मोकळं करत जायची आणि दुसऱ्या बाजूने भरत जायचं. गहू काढायचे तर खोक्यांवर चढून, ताट घ्यायचं तर मखर हलवून. कूलरमध्ये मांजर व्यायलं. मी पिल्लं टोपलीत घालून बाहेर ठेवायला निघाले तर मनोहर म्हणाले, "असू दे. डोळे उघडेपर्यंत तरी हलवू नये." ते रोज वाटीत दूध घालून मागच्या खोलीत जायचे.

अशा माणसाबद्दल काय शंका घ्यायची?

मधून मधून मी अचलपूरला जाऊन यायची. आईचं प्लास्टर निघालं होतं, पण हातात जोर नव्हता. एका हाताने ती कणीक मळायची. पहिल्यांदा गेले तेव्हा तिने बोचकं बांधून ठेवलेलं होतं.

"कधी येऊ गं मी?"

"थोडं थांब न आई. खोली होऊ दे."

दुसऱ्यांदा गेले तेव्हाही तेच. मग एका शनिवारी मनोहर म्हणाले, "या वेळी मी जातो. तू दमली आहेस. मलाही त्यांना भेटायचंय." संत्र्यांची पिशवी घेऊन ते गेले, संध्याकाळच्या बसने परत आले. "बऱ्या आहेत," म्हणाले. आईचा त्यांच्यावर फार जीव. आदल्या वर्षी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा रजा काढून तेच तिच्या खाटेशी बसले होते, वेळच्या वेळी डोळ्यात थेंब घालत. जवाई नाही, लेक आहे माझा, असं ती गल्लीभर सांगायची.

त्यानंतर मी गेले तर बोचकं सुटलेलं होतं. लुगडी परत दांडीवर.

"मी इथंच बरी हाय," आई म्हणाली. "शांता पाहते मले. तू नोको इचार करू."

"असं काय बोलतेस? थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे."

"नोको म्हनलं न बाई." ती माझ्याकडे न बघता शेंगा सोलत राहिली. मला वाटलं, रुसली. वाट बघून कंटाळली आहे. परतीच्या बसमध्ये मी ठरवलं, आता संक्रांतीपर्यंत काहीही झालं तरी खोली रिकामी करायचीच.

संक्रांतीला मंदाताईंकडे हळदीकुंकू होतं. मी गेले ती मनात एक गोष्ट धरून. मनोहरांनी बोलू नको म्हटलं होतं, पण नणंदेशी लाडीगोडीने विषय काढायला काय हरकत? बायका तिळगूळ घेऊन, वाण घेऊन गेल्या. मी मागे राहिले. घराच्या भिंतींकडे माझं लक्ष होतं. रंग जुनाच होता. दाराच्या चौकटीवर त्यांच्या मुलांच्या उंचीच्या रेघासुद्धा तशाच.

"ताई, रंगाचं काम पुढे ढकललं का?"

"कोणतं रंगाचं?"

"घर रंगवायला काढलं होतं न तुम्ही."

"आम्ही? नाही बा." मंदाताई वाणाच्या वाट्या रचत होत्या. त्या रचता रचता, नजर न उचलता, म्हणाल्या, "वहिनी, विषय निघालाच आहे म्हणून विचारते. राग मानू नका. कपाट कधी परत कराल?"

मला आधी नीट ऐकूच आलं नाही असं वाटलं.

"परत म्हणजे? तुम्हीच ठेवायला दिलं न?"

"मी कशाला देईन? माझे कपडे बघा, खुर्चीवर पडलेत." त्यांनी आतल्या खोलीकडे बोट केलं. खरंच, खुर्चीवर कपड्यांचा ढीग होता. "दादा आला होता. म्हणाला, कुंदाला कपाट पाहिजे, घरात आवराआवर चाललीय, तिला सामान ठेवायला जागा पुरत नाही. थोडे दिवस दे. मी म्हटलं, वहिनीने कधी काही मागितलं नाही, नाही कसं म्हणू?"

मी हातातलं वाण खाली ठेवलं.

"विलासही म्हणत होता परवा," त्या पुढे म्हणाल्या. आता त्यांना बोलून टाकायचंच होतं. "तुम्ही पाहुण्यांसाठी सोफा मागितला. तो दिला. मग कूलर मागितला, तोही थंडीत. त्याची बायको तर म्हणते, वहिनींना कशाकशाची हौस आहे कोण जाणे. मी तिला म्हटलं, असं बोलू नये. पण वहिनी, खरं सांगा, एवढ्या सामानाचं तुम्ही करता काय?"

दिवाळीनंतरच्या एका लग्नात विलासभाऊजींची बायको सगळ्यांसमोर म्हणाली होती, वहिनींना काय, जे मिळेल ते चालतं. मी हसले होते. मला वाटलं, माझ्या साधेपणाचं कौतुक करते आहे.

"ताई," मी म्हटलं, "माझी आई आमच्याकडे राहायला यायची आहे, हे तुम्हाला माहीत आहे का?"

मंदाताईंचा हात थांबला. "तुमची आई? नाही बा. दादा तर काही बोलला नाही."

घरी आले तेव्हा दिवे नुकतेच लागले होते. मनोहर टेबलाशी बसून ब्लेडने पेन्सिलीला टोक काढत होते. मी चप्पलही काढली नाही.

"मंदाताईंचं घर रंगवायला काढलेलं नाही."

त्यांनी वर बघितलं.

"कपाट तुम्ही मागून आणलंत. सोफा तुम्ही मागून आणलात. कूलर तुम्ही मागवलात. माझ्या नावाने."

"मंदाला काय, ती काहीही बोलते."

"मग चला. आत्ता जाऊ, माझ्यासमोर विचारा त्यांना."

ते उठले नाहीत. पेन्सिलीचे कपटे बोटाने एका जागी गोळा करत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याची लाज असेल असं मला वाटलं होतं. तशी नव्हती. नको ते काम अंगावर आल्यावर माणूस जसा दमलेला दिसतो, तसे ते दिसत होते.

"माझी आई शेवटपर्यंत विलासकडे राहिली," ते म्हणाले. "आपल्याकडे तेव्हा दोनच खोल्या होत्या. तिला आपण ठेवू शकलो नाही. आता तुझ्या आईला आणून ठेवली तर विलास काय म्हणेल? भावकी काय म्हणेल?"

"मग नाही म्हणायचं होतं. मला. पहिल्या दिवशी."

"नाही म्हटलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

"रडले असते. भांडले असते. पण मग तिची दुसरी काही सोय बघितली असती. माझी आई थंडीभर एका हाताने चूल पेटवतेय, आणि मी इथे तुम्ही आणून टाकलेलं उचलतेय. तुम्ही माझ्याबरोबर उचलत होतात! नाकाला रुमाल बांधून!"

"आवाज बाहेर जातोय."

"जाऊ दे. नकाशा कशाला काढलात?"

त्यांनी कपटे ओंजळीत घेऊन टोपलीत टाकले. मग म्हणाले, "तुला बरं वाटावं म्हणून. कुंदा, मला कोणाशी वाईट व्हायचं नव्हतं. तुझ्याशी तर नाहीच."

"म्हणून मला सगळ्यांशी वाईट केलंत."

ते उठले आणि वाटीत दूध ओतून मागच्या खोलीत पिल्लांना घालायला गेले.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे डबा घेऊन ऑफिसला गेले. मी चौकातून टेम्पो बोलावला. कपाट राजापेठेत उतरवलं. मखर मंडळाच्या अध्यक्षांच्या ओट्यावर ठेवलं. सहकाऱ्याचे खोके त्याच्या भावाच्या घरी. पिल्लं आता घरभर पळत होती, त्यांना काळमेघबाईंच्या गोठ्यात सोडलं. मग सोफा आणि कूलर घेऊन बडनेऱ्याला गेले, ड्रायव्हरच्या शेजारी बसून. विलासभाऊजी दुकानातून बाहेर आले. त्यांच्या दुकानामागची शेड चांगली भक्कम उभी होती.

"वहिनी, घाई नव्हती. वापरायचं होतं न."

"मी मागितलं नव्हतं भाऊजी. तुमच्या दादांनी माझं नाव सांगून आणलं."

ते हसले. वाईट नव्हते ते हसणं. आपल्या माणसाची लंगडी सबब मोठेपणाने मान्य करावी तसं होतं. "असू द्या वहिनी," म्हणाले. "दादा कशाला खोटं बोलेल? घरातल्या घरात काय एवढं!"

आणि त्यांनी आतून चहा मागवला.

घरी येऊन मी मागची खोली धुतली. मनोहरांची मासिकं रद्दीत गेलीच होती. उरलेल्या खोक्यांकडे न बघता तेही देऊन टाकले. खाट खिडकीखाली लावली, वर नवी चादर घातली. आणि पुढच्या सकाळी पहिल्या बसने अचलपूर गाठलं.

आई दारात उन्हाला बसली होती.

"चल," मी म्हटलं. "खोली झाली. आजच निघू."

ती उठली नाही. माझ्याकडे बघून हलकेच हसली, लहान मुलाची चूक पोटात घालताना हसावं तसं.

"काहून जीव जाळते? मले माहीत हाय न सारं."

"काय माहीत आहे?"

"जवाईबापू सांगून गेले न मले. संत्री घेऊन आलते तवा."

"काय सांगून गेले?"

"हेच, का तुले जमत नाही म्हून." ती माझा हात धरून थोपटायला लागली. "म्हने, कुंदाच्या तोंडून निघत नाही, थे कशी सांगन आईले? म्हने, मी तयार हाय, पन तिले घरात दुसरं माणूस झेपत नाही. रोज नवं नवं सामान आनते अन् खोली भरून ठेवते. तुमी समजून घ्या, म्हने, तिले काही बोलू नोका. त्याईच्या डोयात पानी होतं बाई. मी म्हनलं, नाही बोलत जी. लेक हाय, थकली असन."

"आई, खोटं आहे ते." मी म्हटलं. "सगळं खोटं आहे. सामान त्यांनी आणलं. मी टाकत होते आणि ते आणत होते. त्यांनाच तू नको होतीस. मला नाही!"

मी सगळं सांगितलं. सोफा, कपाट, मंदाताई काय म्हणाल्या, टेम्पो, बडनेरा, सगळं. आई ऐकत होती. मध्ये एकदा तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. माझं बोलून झालं तेव्हा मला वाटलं, आता ती उठेल, चिडेल, निदान त्यांना एक शिवी देईल.

"बरं," ती म्हणाली. "येतो मी. पन कुंदे, त्याईच्यावर नोको ढकलू. देवमाणूस हाय थे. मले तुया काही राग नाही न."

शांताबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी आईची लुगडी दांडीवरून काढली आणि घडी घालताना एकदा माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मला तेव्हाच कळलं, आणि मी मान खाली घातली. जिने काही केलं नव्हतं, तिनेच.

आईला घेऊन घरी पोचले तेव्हा मनोहर फाटकाशी उभे होते. त्यांनी पुढे होऊन तिला रिक्षातून हात देऊन उतरवलं. "या आई," म्हणाले. "सांभाळून, पायरी आहे." आईने त्यांच्यासमोर हात जोडले. दोन्ही हात, बरा झालेला आणि न झालेला.

ती झोपल्यावर मी त्यांना म्हटलं, "तिला खरं सांगा. एवढंच करा. मी बाकी काही मागत नाही."

"आल्या न त्या?" मनोहर म्हणाले. "मग आता कशाला? उगीच त्यांच्या जिवाला."

"त्यांच्या नाही. माझ्या जिवाला."

"सांगेन. वेळ बघून सांगेन."

आई आमच्याकडे शेवटपर्यंत राहिली. मनोहर तिच्याशी कधी वावगं वागले नाहीत, हे सांगायला पाहिजे. न्हाणीपर्यंतची नळी त्यांनी स्वतः उभं राहून लावून घेतली. तिला आवडतात म्हणून भाजलेल्या हरभऱ्याची पुडी आणायचे, तिच्या पाठीला तेल लावायला मी नसले तर काळमेघबाईंना हाक मारायचे. विलासभाऊजी आले, भावकी आली, कोणी काही म्हणालं नाही. म्हणाले ते एवढंच की मनोहरसारखा जावई बघायला मिळत नाही.

आणि आई त्या खोलीत पाहुण्यासारखी राहिली. मी फळ्या पुसून मोकळ्या ठेवल्या होत्या, पण ती त्यांवर काही ठेवायची नाही. कंगवा, औषधाच्या बाटल्या, चष्मा, सगळं उशाखाली. लुगडं वाळलं की लगेच घडी करून खाटेखाली सरकवायची. एकदा मी देवांसाठी फळी लावून त्यावर तिचा बाळकृष्ण ठेवला, तर दुपारी बघते तो परत रुमालात गुंडाळलेला. "तुले त्रास नोको," म्हणाली. शेजारची बाई भेटायला आली तर मला हाक न मारता स्वतःच हळूहळू उठून तिला पाणी द्यायची. मी दारात दिसले की पाय जवळ घ्यायची. मी कितीदा म्हटलं, आई, पसर न, तुझीच खोली आहे, कर पसारा. ती हसायची.

मी मनोहरांना आठवण करायची. आधी महिन्याला, मग सणावाराला, मग तेही थांबलं. दर वेळी ते म्हणायचे, बघतो, वेळ बघून.

शेवटच्या दिवसांत तिने अन्न सोडलं. एका सकाळी तिने मनोहरांना बोलावलं. ते ऑफिसचे कपडे घालून खाटेच्या कडेला बसले. मी पायाशी उभी होते. ऊन खिडकीतून तिच्या अंगावर आलं होतं. आईने त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. बोलताना तिला दम लागत होता, पण शब्द स्पष्ट होते.

"कुंदीले सांभाळून घ्या जी," ती म्हणाली. "मनानं वाईट नाही थे."

मी मनोहरांकडे बघितलं. त्यांनीही वर माझ्याकडे बघितलं. खोलीत आणखी कोणी नव्हतं. एका वाक्याचं काम होतं.

त्यांनी आईच्या हातावर आपला दुसरा हात ठेवला आणि म्हणाले, "हो, आई."